आईचं लुगडं कोणत्या रंगाचं होतं?



बऱ्याच दिवसांत इकडे फिरकलो नाही. काही जणांनी फोन करून तब्येतीची चौकशी केली, त्यांचे आभार. तब्येत उत्तम आहे. मी अडकलो होतो एका लुगड्याच्या रंगात. हसू नका. त्या एका रंगापायी घरात दोन महिने वाद झाले, एक पुस्तिका दोनदा छापावी लागली आणि सत्तरी उलटल्यावर मला नव्याने विद्यार्थी व्हावं लागलं. ते सगळं लिहून ठेवावंसं वाटलं. हल्ली प्रत्येक घरात कुणी ना कुणी जुने फोटो संगणकावर चढवत असतं, आणि मी केलेली चूक बहुतेक जण करत असणार असा माझा दाट संशय आहे.

त्याचं असं झालं. आमची आई १९२६ सालची. तिच्या जन्मशताब्दीनिमित्त भावंडांनी मिळून एक छोटी पुस्तिका काढायचं ठरवलं. आठवणी, तिच्या ओव्या, चार-पाच पदार्थांची कृती आणि फोटो. आईचे फोटो मुळात थोडे. रंगीत म्हणाल तर धड असा एकच. १९८१ साली भिंगारच्या आमच्या जुन्या घराच्या अंगणात काढलेला. आई तुळशीपाशी उभी आहे, अंगावर मोरपंखी इरकली लुगडं, लाल काठाचं. मुखपृष्ठावर हाच फोटो घ्यायचा यावर सगळ्यांचं एकमत झालं. आमच्या घरात एकमत होणं ही तशी दुर्मीळ घटना.

चाळीस-पंचेचाळीस वर्षांत फोटो लालसर पडला होता. तुमच्याही घरी त्या काळचे फोटो असे तांबूस झालेले असतील. रंगीत फोटोच्या कागदात तीन रंगांचे थर असतात: सायन म्हणजे हिरवट आकाशी, मजेंटा म्हणजे गुलबक्षी आणि पिवळा. त्या काळच्या बऱ्याच कागदांत सायनचा थर कच्चा असे. फोटो अंधारात, कपाटात ठेवला तरी तो हळूहळू उडतो आणि मागे उरतो तो तांबूस पिवळेपणा. आणि मोरपंखी रंग बनतो तो मुख्यतः त्या सायनवर! म्हणजे जे टिकायला हवं होतं नेमकं तेच उडालं.

मग मी काय केलं? आई गेल्यावर तिच्या लुगड्यांची आम्ही गोधडी शिवून घेतली होती. त्यात हे लुगडंही आहे. वरून विटलंय, पण कडेची शिवण थोडी उसवली तर आत दुमडलेला भाग अजून जसाच्या तसा. म्हटलं, अस्सल साक्षीदार हाताशी असताना काळजी कसली? रात्री जेवण झाल्यावर ट्यूबलाइटच्या उजेडात बसायचं, गोधडीची ती कड मॉनिटरच्या शेजारी धरायची आणि फोटोतलं लुगडं तिच्याशी जुळेपर्यंत एकेक रंग पुढे-मागे करायचा. असं आठवडाभर केलं. शेवटी तंतोतंत जुळलं. आमची ही सहसा कौतुक करत नाही, पण तीही म्हणाली, "अगदी सासूबाई उभ्या राहिल्या."

फोटो सगळ्यांना पाठवला आणि पुस्तिका छापायला दिली.

पहिला फोन पुण्याहून अक्काचा. "अरे, आईचं लुगडं इतकं विटकं कुठे होतं? धुवून धुवून गेल्यासारखं दिसतंय. मी होते ना ते घ्यायला तिच्याबरोबर!" मी म्हटलं, तुझ्या स्क्रीनचा दोष असेल. चार दिवसांनी छापलेली पुस्तिका आली, तर तिच्यात लुगडं काळपट शेवाळी. धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, हे मोरपंखी आहे? हे तर विहिरीच्या पायरीवरचं शेवाळ झालं." माझ्या स्क्रीनवर मात्र अजूनही झकास मोरपंखी. एकच लुगडं, एकच फोटो, आणि तीन ठिकाणी तीन रंग.

इथवर मी हसत होतो. हसू थांबलं ते वेगळ्याच कारणाने.

आमची नात नऊ वर्षांची आहे. रंगाने सावळी. आपल्याकडे सावळ्या मुलीला लहानपणापासून काय काय ऐकावं लागतं ते मी तुम्हाला सांगायला नको. लग्नाकार्यात कुणीतरी म्हणतंच, "ही कुणावर गेली हो?" त्यावर आमच्या घरात एक ठरलेलं उत्तर आहे: "पणजीवर गेलीय." आई चांगली सावळी होती, आणि दिसायला घरातल्या सगळ्या बायकांत उजवी. नातीला ते उत्तर फार आवडायचं. पुस्तिका हातात घेऊन ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आजोबा, पणजी तर गोरी होती. तुम्ही मला खोटंच सांगत होतात का?"

मी पुस्तिका नीट पाहिली. लुगड्याच्या नादात माझं लक्षच गेलं नव्हतं. चेहरा उजळून, गुळगुळीत करून टाकला होता. ती माझी आई नव्हती. कॅलेंडरवरची कुणीतरी बाई होती.

तेव्हा ठरवलं की हे प्रकरण मुळापासून समजून घ्यायचं. पुण्याचा पुतण्या छपाईच्या व्यवसायात आहे. तो दोन दिवस राहायला आला. त्याच्याकडून जे शिकलो ते मास्तरकीच्या भाषेत सांगतो.

संगणकाला रंग कळत नाही, आकडे कळतात. प्रत्येक ठिपक्यासाठी तीन आकडे: लाल किती, हिरवा किती, निळा किती. प्रत्येक आकडा ० ते २५५. त्यांच्या जुळणीतून १ कोटी ६७ लाखांवर रंग होतात. पण आकडा म्हणजे रंग नव्हे. 'निळा १२०' याचा अर्थ प्रत्येक पडदा आपल्या मगदुराप्रमाणे लावतो. टीव्हीच्या दुकानात भिंतीवर दहा टीव्ही ओळीने लावलेले असतात. सगळ्यांवर तीच क्रिकेटची मॅच, पण एका मैदानाचं गवत पोपटी, दुसऱ्याचं निळसर, तिसऱ्याचं वाळलेलं. प्रक्षेपण एकच, दुकान एकच, तरीही. मग भिंगारचा मॉनिटर आणि पुण्याचा फोन यांचं जुळावं अशी अपेक्षा आपण कशाच्या जोरावर धरतो?

त्यात छपाई म्हणजे निराळाच संसार. पडदा स्वतः प्रकाश देतो, कागद देत नाही. खोलीत असलेल्या उजेडातून शाई काही रंग गिळते आणि उरलेले परत पाठवते, ते आपल्याला दिसतात. पडद्यावर लाल, हिरवा, निळा मिसळत गेलं की पांढरं होतं. कागदावर सायन, मजेंटा, पिवळा मिसळत गेलं की काळपट होतं, आणि वर काळी शाई वेगळी. पडद्यावरचे काही झगझगीत हिरवे-निळे रंग शाईला काही केल्या येत नाहीत. उलट छापखान्याची शुद्ध सायन शाई नेहमीच्या पडद्याला पुरती दाखवता येत नाही. त्यामुळे 'पडद्यावर होतं तस्संच कागदावर' हे शब्दशः कधीच होत नाही. भाषांतरासारखं आहे ते. शब्दाला शब्द मिळेलच असं नाही, पण अर्थ पोचवता येतो. मात्र त्यासाठी दोन्ही भाषा जाणणारा हवा.

हा प्रश्न संगणकाने आणला असंही नाही. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत शिळाछापाचा छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. आपल्या आज्या-पणज्यांच्या देवघरातल्या लक्ष्मी-सरस्वती तिथल्याच. तैलचित्रावरून छापील चित्र करताना एकेका रंगासाठी वेगळा दगड तयार करावा लागे आणि ते रंग एकावर एक छापत जावे लागत. मूळ चित्रातला रंग कागदावर यावा म्हणून कोणता दगड कसा करायचा, हे ठरवणाऱ्या कारागिराचं ते कसब. 'प्रभात'च्या 'सैरंध्री'चीही अशीच गोष्ट. १९३३ साली व्ही. शांतारामांनी हा चित्रपट रंगीत करायचा घाट घातला. चित्रण इथलं, पण रंगीत प्रती काढायला थेट जर्मनी गाठावी लागली. एवढं करून पडद्यावर रंग मनासारखे आले नाहीत ते नाहीतच. कॅमेऱ्यापुढचा रंग आणि पडद्यावरचा रंग यांच्यामधल्या वाटेत किती जण हात मारतात याचं हे मोठं उदाहरण. आमच्या पुस्तिकेचं प्रकरण त्याच जातीचं, फक्त गल्लीतलं.

यावर उपाय काय? तो ऐकला आणि मला माझी नोकरी आठवली. दहावीचे पेपर तपासायला सुरुवात होण्याआधी आमची बैठक व्हायची. एकाच निबंधाला एक परीक्षक सहा गुण देतो, दुसरा नऊ. दोघेही प्रामाणिक, पण त्यात मुलाचं नुकसान. म्हणून आधी नमुना उत्तरं ठरायची, मग प्रत्येकाने तपासलेल्यातले काही पेपर नियामक पुन्हा बघायचे. अमुक परीक्षक सढळ आहे, तमुक हात आखडणारा आहे, हे एकदा कळलं की त्याप्रमाणे तोल सांभाळता येतो.

रंगांचंही नेमकं हेच केलेलं आहे. सरासरी माणसाच्या डोळ्याला रंग कसा दिसतो हे आकड्यांत बांधायचं काम १९३१ सालीच एका आंतरराष्ट्रीय आयोगाने करून ठेवलं. ती झाली नमुना उत्तरपत्रिका. पुढे १९९३ मध्ये आठ कंपन्या एकत्र आल्या आणि प्रत्येक यंत्राचा स्वभाव एका ठरावीक पद्धतीने नोंदवायचा असं ठरलं. त्या नोंदीला 'प्रोफाइल' म्हणतात. हा मॉनिटर निळ्याकडे झुकतो, हा छपाईचा कागद पिवळट आहे, अशी ती एक प्रकारची वर्तणुकीची नोंदवही. आणि १९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी साध्या पडद्यांसाठी 'एसआरजीबी' नावाचं सर्वसाधारण माप सुचवलं, ते १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झालं. फोटोबरोबर 'हे आकडे या मापातले आहेत' अशी चिठ्ठी जोडलेली असली की समोरचं यंत्र त्याप्रमाणे अर्थ लावतं. चिठ्ठी नसेल तर आपल्या मनाने लावतं.

आता माझ्या चुका मोजा.

पहिली: माझा मॉनिटर नवा आणल्यापासून तसाच, दुकानातल्यासारखा भगभगीत आणि निळसर. मी गोधडीशी जुळवत होतो म्हणजे काय करत होतो? मॉनिटरचा जास्तीचा निळेपणा आणि जास्तीचा उजेड फोटोतून कमी करत होतो. माझ्या पडद्यावर ते बरोबर दिसलं, पण मूळ फोटो मात्र हिरवट आणि काळपट होऊन बसला. नेमका तोच कागदावर उतरला, आणि पिवळट कागदाने आणखी भर घातली. छापखान्याने लुगड्याचं काही बिघडवलं नव्हतं. बिघडवलं होतं मी.

दुसरी: कुठेतरी वाचलं होतं की 'अ‍ॅडोबी आरजीबी' हे माप मोठं, त्यात जास्त रंग मावतात. म्हणून मी ते निवडलं, आणि चिठ्ठी जोडायची राहिली. समोरच्या यंत्राने ते आकडे नेहमीच्या लहान मापातले समजून वाचले आणि अक्काला लुगडं विटकं दिसलं. मीटरमध्ये घेतलेलं माप दुकानदाराने वार समजून कापड कापावं तसं झालं. माझं माप चूक नव्हतं, पण मापाचं नाव सांगितलं नाही.

तिसरी चूक तर आपल्या आया-आज्यांनी कधीच केली नसती. नगरच्या कापड बाजारात साडी घेताना बायका काय करतात? दुकानातल्या दिव्याखाली पसंत पडलेली साडी उचलून दुकानाच्या दारात येतात आणि उन्हाच्या उजेडात पाहतात. मगच होकार. दोन रंग एका दिव्याखाली जुळले म्हणून दुसऱ्या उजेडात जुळतीलच असं नाही, हे शास्त्र त्यांना कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. आमच्या गच्चीवरून चांदबिबीचा महाल दिसतो (खरं म्हणजे ती सलाबतखानाची कबर). सकाळी तो निळसर राखी, दुपारी खाकी, मावळतीला तांबूस. दगड तोच. मी मात्र आईच्या लुगड्याची परीक्षा रात्री दहाला ट्यूबलाइटखाली घेत बसलो.

राहिला चेहरा. त्यासाठी मी स्वतः छापखान्यात गेलो. कामावरचा मुलगा माझाच जुना विद्यार्थी निघाला. पाया पडला, चहा मागवला. म्हणाला, "सर, फोटो जरा डल होता म्हणून थोडा उजळ केला. पैसे नाही लावले त्याचे." मी विचारलं, "न सांगता का केलंस?" तर म्हणतो, "सर, सगळ्यांना गोराच लागतो. सावळा ठेवला तर गिऱ्हाईक परत आणून देतं." त्याच्यावर काय रागवणार? तो आपलीच मागणी पुरवत होता.

घरी येऊन वाचत बसलो तर हा रोग किती जुना आहे ते कळलं. कोडॅक कंपनी फोटो धुणाऱ्या प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी एक नमुन्याचा फोटो पाठवत असे. त्यावर एक गोरी बाई. तिला 'शर्ली' म्हणत, आणि तिच्या कातडीचा रंग बरोबर आला म्हणजे यंत्र बरोबर असा हिशोब. अनेक वर्षं जगभर हेच चाललं. सावळ्या-काळ्या चेहऱ्यांचे बारकावे त्यात बुडून जात. कंपनीतल्याच जुन्या माणसांनी सांगितलेली गोष्ट अशी की गडद तपकिरी छटा नीट याव्यात यासाठी आधी तगादा लावला तो चॉकलेट आणि लाकडी सामान बनवणाऱ्यांनी. माणसांचा नंबर नंतर लागला. विविध वर्णांच्या बायका असलेलं कार्ड यायला १९९० चं दशक उजाडावं लागलं. म्हणजे नमुना उत्तरपत्रिकाच चुकीची असेल तर सगळे परीक्षक एकमताने चुकतात. आजचे फोन तर फोटो काढतानाच चेहरा उजळून देतात, विचारतसुद्धा नाहीत.

पुतण्याचं म्हणणं थोडं वेगळं पडलं. तो म्हणाला, "काका, एवढं मनाला लावून घेऊ नका. रंग कधीच शंभर टक्के जुळत नाही. पाहणाऱ्याला छान वाटलं म्हणजे झालं." पहिलं वाक्य मला मान्य आहे. दुसरं नाही.

निसर्गचित्र असेल, सहलीतला सूर्यास्त असेल, तर खुशाल छान करा. पण गेलेल्या माणसाचा फोटो ही साक्ष असते. मी आहे, अक्का आहे, धाकटा आहे तोवर आई सावळी होती हे सांगणारे आम्ही तिघं आहोत. आणखी वीस वर्षांनी फक्त फोटो सांगेल. त्या वेळी कुणाची तरी नात विचारेल, "मी कुणावर गेले?", तर त्या फोटोने तिला खरं उत्तर द्यायला हवं. ज्याला आपण 'थोडं छान केलं' म्हणतो, ते त्या मुलीच्या हातून तिची पणजी काढून घेणं आहे. मला तर हा अन्यायच वाटतो.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा रंगासाठी आकडे, मानकं, यंत्रं कशाला? मी शाळेत पस्तीस वर्षं झेंडावंदन केलं. भारतीय मानकांच्या यादीत पहिल्या क्रमांकाचं मानक, 'आयएस १', आपल्या राष्ट्रध्वजाचं आहे, १९५१ सालचं. त्यात केशरी आणि हिरवा हे रंग नुसते शब्दांत सांगितलेले नाहीत, त्या १९३१ च्या पद्धतीने आकड्यांत बांधून दिले आहेत. का? कारण 'केशरी' म्हटल्यावर कुणी शेंदरी करेल, कुणी नारिंगी, आणि प्रत्येक जण म्हणेल माझंच बरोबर. ज्याबद्दल आदर आहे त्याचा रंग कुणाच्या लहरीवर सोडायचा नाही, एवढाच त्याचा अर्थ. देशाने ध्वजासाठी केलं, तेच मी आईच्या फोटोसाठी घरच्या घरी केलं.

काय केलं ते थोडक्यात सांगतो, कुणाला उपयोग झाला तर होईल.

पुतण्याने रंग मोजायचं छोटं यंत्र आणलं होतं. ते पडद्यावर टेकवून ठेवलं की पडद्यावर एकामागून एक रंग येतात, यंत्र ते मोजतं आणि त्या मॉनिटरचं प्रोफाइल तयार करतं. पांढऱ्याचा रंग ६५०० केल्व्हिन आणि उजेड १०० कॅन्डेलाच्या आसपास ठेवला. पहिल्या दिवशी पडदा इतका पिवळट आणि मंद वाटला की हिने विचारलं, "बिघडवलात ना?" दुसऱ्या दिवशी डोळ्यांना सवय झाली. टेबल उत्तरेच्या खिडकीशी हलवलं. काम फक्त सकाळी दहा ते दुपारी चार. पाठीमागे भिंतीला लटकणारं तांबडं कॅलेंडर काढून ठेवलं, कारण शेजारचा भडक रंगही डोळ्याला फसवतो. मग जुन्या फोटोवर पहिल्यापासून काम केलं. गोधडी दिवसाच्या उजेडात पाहायची, फोटो पडद्यावर पाहायचा. चेहऱ्यासाठी साक्षीदार दुसरा घेतला: अक्काचा हात. ती आईच्या रंगाची. ती येऊन चार दिवस राहिली तेही त्या निमित्ताने.

कुटुंबात पाठवायची प्रत एसआरजीबी मापात, चिठ्ठी जोडून. छापायची प्रत वेगळी. छापखान्याला दोनच गोष्टी सांगितल्या. एक, कुठलंही आपोआप उजळवणं बंद, चेहऱ्याला हात लावायचा नाही. दोन, सगळं छापण्याआधी त्याच कागदावर मुखपृष्ठाची एक प्रत काढून दाखवायची. ती मी घरी आणली, दारात उभा राहून उन्हात पाहिली, किंचित काळपट होती म्हणून फोटो थोडा उचलला आणि मग होकार दिला. माझ्या विद्यार्थ्याने न कुरकुरता सगळं केलं. उलट म्हणाला, "सर, असं कुणी सांगतच नाही." खरंच, आपण सांगत नाही.

दुसरी आवृत्ती आली. अगदी गोधडीसारखी झाली का? नाही. कागदावरचं मोरपंखी गोधडीतल्यापेक्षा थोडं शांत आहे. पण ते मोरपंखीच आहे, शेवाळी नाही. काठ लाल आहे. त्या लुगड्याशेजारी आईचा सावळा चेहरा जसा खुलायचा तसा खुललाय. प्रत्येक रंग हुबेहूब येणार नाही, पण रंगांचं एकमेकांशी असलेलं नातं टिकलं पाहिजे. अक्काने पुस्तिका हातात घेतली, बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हे दिवाळीला घेतलं होतं. दुकानाच्या दारात नेऊन दाखवलं होतं मी तिला."

नातीने पुस्तिका अंगणात नेली आणि आपला हात आईच्या चेहऱ्याशेजारी धरून पाहिला. म्हणाली, "आजोबा, मी थोडी जास्तच सावळी आहे." आणि पळाली खेळायला.

शेवटी एक विनंती. यंत्र नसेल तर नसो, ते सगळ्यांना परवडणारं नाही. पण घरातली म्हातारी माणसं आहेत तोवर जुने फोटो घेऊन त्यांच्यापाशी बसा आणि एका वहीत लिहून ठेवा: कोणत्या फोटोतली साडी कोणत्या रंगाची, कुणाचा वर्ण कसा, कुणाचे डोळे घारे. आपल्या भाषेत त्यासाठी शब्दांची कमी नाही. मोरपंखी, चिंतामणी, आमसुली, अंजिरी, डाळिंबी, अबोली, गुलबक्षी. प्रत्येक शब्दाशेजारी एक खरी वस्तू उभी आहे, जिच्याशी ताडून पाहता येतं. फोटोतला रंग उडेल, पडदे बदलतील, मापंही बदलतील. वहीत 'मोरपंखी, लाल काठ' असं लिहिलेलं असेल, तर पुढचा कुणीतरी पुन्हा तिथवर पोचेल.

आमच्या वहीत पहिलं पान अक्काने सांगून लिहून घेतलं आहे. तुमच्याकडे कुठून सुरुवात करताय ते जरूर कळवा.